स्वच्छ आभाळात भोंगा

माळी : वाजवा म्हणतो मी, बाई. भोंग्याच्या दांड्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या काय राहिलात?

मॅनेजर : काका, वर बघा जरा. ढगाचा एक तुकडा तरी दिसतोय का?

माळी : नाही.

मॅनेजर : आणि हा भोंगा कशासाठी आहे?

माळी : आभाळात वीज कडाडली की सगळ्यांना आसऱ्यात पळवायला.

मॅनेजर : क्लब सुरू झाल्यापासून वीज नसताना हा भोंगा एकदाच वाजलाय. कुणी वाजवला होता?

माळी : तुमच्या आधीच्या मॅनेजरसाहेबांनी. चालतो का ते बघायला.

मॅनेजर : ते आता कुठे असतात?

माळी : मेहुण्याच्या दुकानात बसतात म्हणे.

मॅनेजर : मला तर बसायला मेहुण्याचं दुकानही नाही.

माळी : बाई, ही काय चेष्टेची वेळ आहे? पोर सापडत नाहीये.

मॅनेजर : चेष्टा केली नाही ना, तर मी इथेच या गॅलरीत फतकल मारून रडायला लागेन. पुन्हा सांगा. चपला नेमक्या कुठे होत्या?

माळी : तळ्याच्या काठाला. सातव्या हिरवळीच्या कडेला. एकीशेजारी एक, नीट जोडून ठेवलेल्या. या बघा.

मॅनेजर : ओल्या आहेत.

माळी : फवाऱ्याचं पाणी असणार. सकाळी मीच सोडला होता.

मॅनेजर : तुम्ही मला धीर द्यायला म्हणताय.

माळी : थोडं धीर द्यायला, थोडं खरंच. पोहण्याच्या तलावावरचा आपला जीवरक्षक तळ्यात उतरलाय. कडेला कमरेएवढंच पाणी आहे.

मॅनेजर : आणि मध्ये?

माळी : मधलं नका विचारू.

मॅनेजर : मी तिला चादरींच्या खोलीत बसवलं होतं, काका. चित्रं काढायला कागद दिले, खडू दिले, खिडकी उघडी ठेवली. सूप गार आहे म्हणून वरच्या बैठकीतून बोलावणं आलं, तिथून पत्त्यांच्या खोलीतला पंखा, तिथून वाढदिवसाच्या मंडळींना खुर्च्या कमी पडल्या. परत येऊन बघते तर खोली रिकामी. दर सुट्टीत सासूबाईंकडे असते ती. यंदाच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघायचं होतं.

माळी : मीही मेला कशाला बोललो काल! म्हटलं, तळ्यात बदकाला पिल्लं झालीत. डोळे असे मोठे केले तिने. तेव्हाच कळायला हवं होतं मला, ही काही खोलीत टिकत नाही.

मॅनेजर : तुमचं काय चुकलं? पिल्लं झाली तर झाली म्हणायचं नाही का?

माळी : बरं, ते राहू द्या. आधी वाजवा.

मॅनेजर : काका, सोळाव्या हिरवळीवर गोल्फचा अंतिम सामना चालू आहे. अध्यक्षसाहेबांचा चेंडू भोकापासून वीतभर लांब आहे. तो एकदा आत गेला की चषक त्यांचा. तरुणपणापासून या चषकामागे आहेत ते. सगळा क्लब तिथे श्वास रोखून उभा आहे. आणि मी भोंगा वाजवू? का, तर मॅनेजरची मुलगी सापडत नाही. जिला मुळात या आवारात पाऊल टाकायची परवानगी नाही!

माळी : सदस्याचं लेकरू हरवलं असतं तर?

मॅनेजर : एव्हाना वाजवून मोकळी झाले असते.

माळी : मग?

मॅनेजर : हे माझं आहे.

माळी : म्हणजे त्याचा जीव काय कमी किमतीचा आहे?

मॅनेजर : असं बोलू नका हो.

माळी : बोलणार. तुमच्या बापाच्या वयाचा आहे मी. तळ्याच्या दोन्ही अंगांना लोक चेंडू मारतायत. झुडपातून पोर निघाली आणि एखादा चेंडू डोक्यात बसला तर? हिरवळीवर खळगा पडला तर मी बुजवीन, बाई. हे मला बुजवता यायचं नाही.

मॅनेजर : हाका मारल्या ना सगळ्यांनी?

माळी : वाढपी मारतायत, आचारी मारतोय, बॅडमिंटनवाला मारतोय. हळू आवाजात मारा म्हणालात ना, सामन्यात व्यत्यय नको म्हणून. तशा मारतायत.

मॅनेजर : मोठ्यानं मारल्या तरी ओ देणार नाही ती.

माळी : का नाही देणार?

मॅनेजर : कारण मीच शिकवलंय तिला. पहिल्याच दिवशी समोर बसवून घोकून घेतलंय. सदस्य दिसला की लपायचं. हूं की चूं करायचं नाही. कुणीही हाक मारली तरी बाहेर यायचं नाही, आई स्वतः येईपर्यंत. आणि आज तळ्याच्या चहूबाजूंना सदस्यच सदस्य आहेत, काका. ती कुठेतरी तोंडावर हात ठेवून बसली असेल. आईचं ऐकते म्हणून. आपण किती शहाणी मुलगी आहोत असं वाटत असेल तिला. नाहीतर मग ती…

माळी : नाहीतर काही नाही. बसलीच असेल.

मॅनेजर : मी लेकीला लपायला शिकवलं. लोक चालायला शिकवतात, पोहायला शिकवतात.

माळी : डोळे पुसा. पुढचं बोला. हाकेला येणार नाही, तर मग कशाला येईल?

मॅनेजर : कशाला म्हणजे… थांबा. काका, थांबा. सुट्टीतल्या शिबिरात मुलांना काय म्हणायला लावतो आपण? भोंग्याचं गाणं?

माळी : “भोंगा झाला, धावत सुटा, झाडाखाली थांबू नका.” रोज सकाळी हिरवळीवर कोकलत असतात.

मॅनेजर : “आसऱ्यामध्ये चिडीचूप, दुसऱ्या भोंग्याला वेळ आहे खूप.” खारूला ते पाठ आहे!

माळी : ते कसं काय? शिबीर तर सदस्यांच्या मुलांचं.

मॅनेजर : खिडकीतून. चादरींच्या खोलीची खिडकी बरोबर त्या हिरवळीवर उघडते. बघून बघून पाठ केलंय तिने. अंघोळ करताना म्हणते, भांगात तेल घालताना म्हणते. परवा मला विचारत होती, आई, भोंगा झाला तर मी पण आसऱ्यात जायचं का? मी म्हटलं, वीज काय कुणी सदस्य आहे की नाही ते बघते का? तूसुद्धा जायचं.

माळी : म्हणजे भोंगा ऐकला की ती…

मॅनेजर : धरा तो दांडा. गंजलाय, मला एकटीला फिरायचा नाही. धरा, काका! दोघं मिळून. हं. आणखी जोरात. आणखी!

माळी : बस, बस! बाई, पुरे! कानठळ्या बसल्या माझ्या. पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला असेल.

मॅनेजर : पळतायत का लोक?

माळी : पळतायत. ते बघा, डॉक्टर गाडीत चढले. बायका छत्र्या तिथेच टाकून निघाल्या. शिस्त म्हणजे शिस्त, आभाळाकडे कुणी बघतसुद्धा नाही.

मॅनेजर : वॉकीवर विचारा. एकेक आसरा विचारा.

माळी : हॅलो, पहिला आसरा? हां… मूल आहे का कुणी तिथे? नाही? बरं. पाचवा? मूल? कुणाचं म्हणजे, कुणाचंही! नाही. मोठा आसरा? डॉक्टर आणि मंडळी? मूल? … नाही म्हणतायत. बाई, पत्त्यांच्या खोलीतून विचारतायत, भोंगा आमच्यासाठीही आहे का, की डाव पुढे चालू ठेवू?

मॅनेजर : ठेवा म्हणावं. तळ्याकाठचा आसरा?

माळी : तिथे वॉकी नाही. मागल्या पावसात भिजून गेला, तो अजून दुरुस्तीलाच आहे.

मॅनेजर : मग मी जाते तिकडे.

माळी : तुम्ही इथेच थांबा. मी जातो. अहो, जिन्यावर कुणीतरी येतंय. काठी आपटत येतंय.

अध्यक्ष : मॅनेजरबाई! कुठे आहे वीज?

माळी : झालं. आता कडाडेल.

अध्यक्ष : मी गॅलरीत उभा आहे, आभाळ माझ्या डोक्यावर आहे, आणि मला त्यात निळ्या रंगाखेरीज काहीही आढळत नाही. म्हणून विचारतो. एक, भोंगा कोणाच्या आदेशाने वाजला? दोन, सामना चालू असल्याची आपल्याला कल्पना होती की नव्हती? तीन, माझा चेंडू भोकापासून किती अंतरावर होता, हे आपण या गॅलरीतून पाहू शकत होतात की नाही? वीतभर, बाई! माझी वीत, आणि माझे हात लहान आहेत. मी आयुष्यभर न्यायदान केलं, मॅनेजरबाई, दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय कधी निकाल दिला नाही. तेव्हा बोला. बोला ना! आपण माझ्याकडे न पाहता माझ्या गुडघ्याकडे काय पाहताय?

मॅनेजर : साहेब… तुमच्या कोटाचं टोक कुणी धरलंय?

अध्यक्ष : हां, ती माझी दुसरी तक्रार. ही मुलगी. दुसरा भोंगा होण्यापूर्वी आसऱ्याबाहेर पाऊल टाकल्याबद्दल हिने मला वाटभर धारेवर धरलंय. मला! मी अध्यक्ष आहे म्हटलं, तर म्हणते, वीज ते बघत नाही.

खारू : आई, मी नाही हं दिसले यांना. मी आधीच बसले होते, मग हे आले. आई? आई, तू खाली का बसलीस?

माळी : बसू दे तिला. बसू दे. जा तू, जा तिच्याजवळ.

खारू : आई, एवढं दाबू नकोस. बरगड्या दुखतात.

माळी : हॅलो! हॅलो, सगळ्यांनी ऐका! सापडली! सुखरूप! तळ्यातल्याला म्हणावं, वर ये बाबा, अंग पूस आणि गरम चहा घे. हो, सापडली! रडत नाहीये मी, वॉकी खरखरतोय.

खारू : आई, तू रडतेस?

मॅनेजर : नाही गं. हो, रडतेय. रडू दे मला जरा.

खारू : मी काही चुकले का?

मॅनेजर : नाही. काहीच चुकलं नाही तुझं. चपला का काढून ठेवल्यास तळ्याच्या काठी?

खारू : तूच तर त्या काकूंना ओरडत होतीस, हिरवळीवर चपला घालून जायचं नाही, खड्डे पडतात. बदकं हिरवळीच्या पलीकडे होती. मला तिथून जायचं होतं ना. मग मी काढल्या. नीट ठेवल्या होत्या.

मॅनेजर : हो. फार नीट ठेवल्या होत्यास.

खारू : मग खूप सदस्य आले, मग मी लव्हाळ्यात लपले. तिथे डास होते, पण मी एकसुद्धा मारला नाही, आवाज होतो म्हणून. सगळे हाका मारत होते. मी ओ दिली नाही.

मॅनेजर : ऐकू येत होत्या तुला?

खारू : हो. माळीआजोबांचीपण. पण तूच सांगितलं होतंस ना? मग भोंगा झाला. मग मी पळाले. झाडाखाली थांबले नाही.

माळी : ऐकलंत, बाई? शब्दनशब्द. जीव भांड्यात पडला माझा.

अध्यक्ष : क्षमस्व. मला काही समजून घ्यायचं आहे. ही मुलगी आपली आहे?

मॅनेजर : हो, साहेब.

अध्यक्ष : आणि ती हरवली होती?

मॅनेजर : हो.

अध्यक्ष : आणि मी तिच्याशेजारी तळ्याकाठी बाकावर बसून राहिलो! आणि तुम्ही इथे… अरे देवा. मला खुर्ची द्या कुणीतरी.

माळी : ही घ्या. जरा डुगडुगते, एका अंगाला बसा.

अध्यक्ष : मला वाटलं, शिबिरातली असेल. आत शिरलो तर ही बाकाखाली. मी म्हटलं, बाळ, वर बस. तर ही विचारते, तुम्ही सदस्य आहात का? म्हटलं, मी अध्यक्ष आहे. तर म्हणते, ते सदस्यापेक्षा मोठं असतं की लहान?

खारू : ते म्हणाले मोठं असतं. मग मी म्हटलं, मग तर मी अजूनच दिसायला नको. डोळे मिटा.

माळी : आणि साहेबांनी मिटले?

अध्यक्ष : मिटले. न्यायासनावर मी कधी डोळे मिटले असतील तर ते आपणहून. दुसऱ्याच्या हुकमावरून ही पहिलीच वेळ. मी डोळे मिटून बसलो होतो आणि ही मला आपलं नाव, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं सांगत होती, गाणं शिकवत होती. मला तो खेळच वाटला, मॅनेजरबाई. बरं वाटत होतं मला. चेंडू विसरलो होतो, खरं सांगतो. इथे जिना चढताना पुन्हा आठवला.

मॅनेजर : साहेब, तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. भोंगा मी वाजवला.

माळी : मीही. दांडा दोघांनी फिरवला.

मॅनेजर : काका, तुम्ही मध्ये पडू नका.

माळी : का नको? मला तर मेहुणा आहे.

मॅनेजर : सामना चालू होता ते मला माहीत होतं. चेंडू वीतभरावर होता तेही. मुलांना आणायला मनाई आहे हे तर नव्या कर्मचाऱ्यांना मीच सांगते. सगळं माहीत असून वाजवला. उद्या सकाळी माझं टेबल रिकामं करून देते. किल्ल्या काकांकडे ठेवीन.

अध्यक्ष : निकालही आपणच देणार असाल तर मी काय करायचं? बसा. जमिनीवर नको, त्या पेटीवर बसा. मुलीला सोडू नका, तशाच बसा. आता सांगा. आपण भोंगा वाजवला तेव्हा कुणाच्या जिवाला धोका आहे असं आपल्याला वाटत होतं?

मॅनेजर : हो.

अध्यक्ष : मग भोंगा खोटा कसा? पुढचा प्रश्न. हरवलेलं मूल माझा नातू असता तर आपण वाजवला असता?

मॅनेजर : विचारसुद्धा केला नसता. ही खोलीत नाही हे कळल्याबरोबर वाजवला असता.

अध्यक्ष : आणि हिच्यासाठी?

मॅनेजर : हिच्यासाठी थांबले. दांड्यावर हात ठेवून उभी राहिले. काकांना विचारा. लोक काय म्हणतील, नोकरी जाईल का, तुमचा चेंडू… सगळा हिशेब केला मी. पोटच्या पोरीला तेवढा वेळ तळ्याकाठी ठेवून हिशेब केला. ते चुकलं माझं. दुसरं काही चुकलं असं मला वाटत नाही, साहेब. रागवा हवं तर.

अध्यक्ष : रागवायला मी आलोच होतो. वाटेत हिने निम्मा उतरवला, उरलेला आपण उतरवलात. खारू, इकडे बघ. ते गाणं तुला शिबिरात कुणी शिकवलं?

खारू : मी शिबिरात नाही. मी खिडकीत असते.

अध्यक्ष : कुठल्या खिडकीत?

खारू : चादरींच्या. तुम्ही रोज खालून जाता. पांढरी टोपी. एकदा तुम्ही वर बघितलंत, तेव्हा मी पटकन खाली बसले.

अध्यक्ष : मला वाटलं, पडदा हलला.

खारू : तो मीच होते.

अध्यक्ष : मॅनेजरबाई, कर्मचाऱ्यांच्या मुलांनी आवारात येऊ नये, हा नियम कुणाच्या काळातला?

मॅनेजर : तुमच्या आधीच्या अध्यक्षांच्या. दिवाणखान्यात तसबीर आहे बघा, मोठ्या मिशांची.

अध्यक्ष : ते माझे सासरे.

माळी : अरे बापरे.

अध्यक्ष : बापरेच. म्हणजे नियम बदलायचा तर कमिटीच्या आधी मला घरी तोंड द्यावं लागेल. तिथे माझा निभाव लागत नाही, हे सांगून ठेवतो. वेळ लागेल. आश्वासनं मी देत नाही.

मॅनेजर : मी मागितलंच नाही, साहेब. मी उद्यापासून तिची दुसरीकडे सोय करते.

अध्यक्ष : माझं बोलणं संपलेलं नाही. प्रत्येक सदस्याला दिवसाला एक पाहुणा आणता येतो. हा नियम आहे की नाही?

मॅनेजर : आहे.

अध्यक्ष : पाहुण्याचं वय किती असावं, त्याची आई कुठे काम करत असावी, याबद्दल काही म्हटलंय?

मॅनेजर : नाही.

अध्यक्ष : मग आज ही माझी पाहुणी. उद्या डॉक्टरांची. त्यांनी नाही म्हणून दाखवावं, हरायला लागले की त्यांची कंबर कशी धरते ते मला माहीत आहे. परवा आणखी कुणाची. या क्लबात सदस्य रग्गड आहेत, हिच्या आजीचे दोन्ही डोळे बरे होऊन सुट्टी संपेपर्यंत पुरतील. आणि पाहुण्यांना शिबिरात बसता येतं. खिडकीत नव्हे, खाली, हिरवळीवर.

खारू : चपला काढून?

अध्यक्ष : चपला काढून. आता आपला निकाल, मॅनेजरबाई. भोंगा वाजवल्याबद्दल निर्दोष. उशिरा वाजवल्याबद्दल दोषी.

मॅनेजर : मान्य आहे.

अध्यक्ष : शिक्षा अशी की, यापुढे या मुलीला लपायला सांगायचं नाही.

मॅनेजर : साहेब, मला वाटलं होतं आज सगळंच गेलं. ही, नोकरी, सगळं. आणि आता काहीच गेलं नाही, तर ते कुठे ठेवू कळत नाहीये.

माळी : हळूहळू कळेल. आधी पाणी प्या.

खारू : आई, एक सांगू?

मॅनेजर : सांग, बाळा.

खारू : दुसरा भोंगा कधी होणार?

मॅनेजर : कसला दुसरा… काका!

माळी : अगं आई गं! सगळे अजून बसलेत! डॉक्टर, त्यांची मंडळी, अख्खा क्लब दगडी आसऱ्यांत चिडीचूप बसलाय, रणरणत्या उन्हात!

खारू : मी मघापासून सांगत होते. कुणी ऐकतच नाही.

अध्यक्ष : पाहुणीबाई, आपण फिरवणार दांडा?

खारू : मी? खरंच? आई, मी?

मॅनेजर : तू फिरव. आम्ही तिघं जोर लावतो.

(दुसरा भोंगा होऊन गेल्यावर. सोळाव्या हिरवळीची कड. तळ्यावरून बदकांचा आवाज येतो आहे.)

माळी : बाई, चेंडू जिथल्या तिथे आहे. मी येऊन आधी तेच बघितलं. कावळ्याने नेला असता तर पुन्हा आपल्याच गळ्यात.

मॅनेजर : केवढी गर्दी जमलीय. पत्त्यांच्या खोलीतलेसुद्धा डाव टाकून आलेत. काय सांगितलंत तुम्ही लोकांना?

माळी : खरं ते. पोर हरवली होती, सापडली. डॉक्टरांच्या सौभाग्यवतींनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, मग आधी का नाही वाजवलात? मी म्हटलं, त्याची शिक्षा होऊन गेलीय.

मॅनेजर : एकानेही तक्रार केली नाही?

माळी : केली ना. आसऱ्यातला बाक फार टणक आहे म्हणे.

मॅनेजर : तो मऊ करून देते मी. गाद्या करून देते. आज कुणी काहीही मागा, काका, मी देते.

माळी : मग मला फवाऱ्याची नवी नळी द्या.

मॅनेजर : दिली.

माळी : शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणत दोन वर्षं मागतोय मी. आज मिळाली. ते बघा, साहेब उभे राहिले. तिसऱ्यांदा काठी पुसतायत.

मॅनेजर : वीतभर तर आहे.

माळी : वीतभराचाच त्रास असतो, बाई. लांबचा हुकला तर कुणी हसत नाही. आणि ते भोकाजवळ बघा, आपली खारूताई. झेंडा तिच्या दुप्पट उंच आहे.

मॅनेजर : अनवाणी उभी आहे.

माळी : मग? नियम म्हणजे नियम.

खारू : आई!

माळी : अगं, आता बोलायचं नसतं. साहेब मारतायत.

अध्यक्ष : थांबा, कुणी तिला गप्प करू नका. मी थांबतो. इतकी वर्षं थांबलो, आणखी एक प्रश्न चालेल. विचार गं तू.

खारू : आई, सगळे माझ्याकडे बघतायत. लपू?

मॅनेजर : नको, खारू.

खारू : मग काय करू?

मॅनेजर : काही करू नकोस. झेंडा सरळ धर.